शिखर कुणाच्या नावे?

माणसांचे ढोबळमानानं दोन प्रकार पडतात. डोंगर दिसला की चढायला निघणारे, आणि डोंगर दिसला की पायथ्याशी चहाची टपरी कुठं आहे ते शोधणारे. मी दुसऱ्या प्रकारात मोडतो आणि त्याची मला यत्किंचितही लाज वाटत नाही. सगळेच वर चढले असते, तर त्यांच्याकडं मान उंचावून बघणार कोण? टाळ्या वाजवणाऱ्यांचाही एक वर्ग समाजाला लागतो, आणि त्या वर्गात गर्दी असली तरी जागा मिळते.

त्यातून मी चंद्रपूरचा. आमचं गाव समुद्रसपाटीपासून 200 मीटरच्या आसपास. गावातली सर्वांत उंच वस्तू म्हणजे औष्णिक वीज केंद्राची चिमणी, आणि तिच्यावर चढायची कुणाला परवानगी नाही. जटपुरा, अंचलेश्वर, बिनबा, पठाणपुरा अशा गोंडराजांच्या काळच्या भक्कम वेशी आहेत. पण वेशीखालून जायचं असतं, वेशीवरून नव्हे. राहता राहिली आमच्या शाखेतल्या रेकॉर्डरूमची शिडी. तिच्या सातव्या पायरीवर उभं राहून मी अनेकदा खालचं विहंगम दृश्य पाहिलेलं आहे. त्या दृश्यात मुख्यतः धूळ असते.

मे महिन्यात आमच्याकडं पारा 46-47 अंशांवर जाऊन बसतो. अशा वेळी मधुमेह झालेला गृहस्थ ज्या भक्तिभावानं दिवाळी अंकातल्या पाककृती वाचतो, त्याच भक्तिभावानं मी वाळ्याच्या कूलरसमोर बसून हिमालयावरची पुस्तकं वाचतो. हिमवादळाचं वर्णन आलं की अंगावर शहारा येतो. परवा असाच शहारा आला तेव्हा आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, "शहारे नंतर घ्या, कूलरमधलं पाणी संपलंय." गिर्यारोहणात आणि संसारात पाणी वाहून नेणारा माणूस महत्त्वाचा असतो, हे ज्ञान मला त्या बादलीनं दिलं. खरं म्हणजे हा सगळा लेख त्या बादलीचाच आहे.

माणसं डोंगर का चढतात, हा प्रश्न फार जुना झाला. मॅलरी साहेबानं 1923 साली अमेरिकेत त्याचं उत्तर देऊन टाकलं: तो तिथं आहे म्हणून. ह्या उत्तरावर मी पुष्कळ विचार केला. आमच्या टेबलावर न जुळलेल्या नोंदींचा गठ्ठाही कित्येक वर्षं तिथंच आहे; पण त्याच्यावर कुणी झडप घालताना दिसत नाही. तेव्हा 'का' हा प्रश्न तत्त्वज्ञांनी सोडवावा. वाणिज्य शाखेच्या पदवीधराला दुसराच प्रश्न पडतो. शिखर चढून झालं. छान झालं. पण आता ते लिहायचं कुणाच्या नावे?

हा प्रश्न माझ्या डोक्यात घातला एका मुलानं. ताडोबाच्या कुशीतल्या एका गावचा, गडचिरोलीला शिकायला असलेला, काटक अंगाचा पोरगा. आमच्या शाखेत तो कर्ज मागायला आला. मी विचारलं, "कशासाठी?" तो म्हणाला, "पहाड चढाचा आहे, साहेब."

आमच्या बँकेच्या फॉर्मवर कर्जाच्या उद्देशाचे ठराविक रकाने असतात: घर, गाडी, शिक्षण, लग्न. ह्यांतला शेवटचा रकाना जोखमीच्या दृष्टीनं पहाडाच्या सगळ्यांत जवळचा. पण तो खोटं लिहायला तयार नव्हता. त्यानं पिशवीतून एक वही काढली आणि मोहिमेचं अंदाजपत्रक माझ्यापुढं ठेवलं. मी आजवर पुष्कळ अंदाजपत्रकं पाहिली आहेत, पण इतकं प्रामाणिक अंदाजपत्रक पाहिलं नव्हतं. साहजिकच ते मंजूर होण्यासारखं नव्हतं.

शिखर होतं लडाखच्या आडबाजूचं, 6,000 मीटरांहून उंच, नकाशावर ज्याला नाव नाही, नुसता उंचीचा आकडा आहे, असं. हिमालयात अशी बेनामी शिखरं खूप आहेत. (बेनामी म्हणताच आमचे साहेब सावध झाले, त्यांना वेगळंच काही वाटलं.) दिल्लीच्या इंडियन माउंटेनिअरिंग फाउंडेशनची परवानगी. रस्ता संपतो तिथून तीन दिवस खेचरांवर सामान. मग बेस कॅम्प, त्यावर पहिला कॅम्प, त्यावर दुसरा. एकूण दिवस 22. त्यांतले बरेचसे दिवस बसून काढायचे. वर चढायचं, ओझं ठेवायचं आणि झोपायला पुन्हा खाली यायचं. परत दुसऱ्या दिवशी तेच. म्हटलं, "हे काय? एकदा वर गेलास की तिथंच राहा ना." तो म्हणाला, "शरीर मानत नाही, साहेब." 5,500 मीटरांवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्यावर येतो आणि एव्हरेस्टच्या माथ्यावर तर एक तृतीयांशावर. इतक्या विरळ हवेत जगायचं तर रक्तातल्या तांबड्या पेशी वाढाव्या लागतात, आणि त्याला आठवडे जातात. म्हणजे शरीराचा कारभारही सरकारीच म्हणायचा. मागणी नोंदवा आणि वाट बघा. घाई करणाऱ्याच्या मेंदूत नाहीतर फुप्फुसात पाणी भरतं, आणि मग अर्ज कायमचा निकालात निघतो.

वेळापत्रकाच्या शेवटी लिहिलं होतं: शिखरावर, 20 मिनिटं. 22 दिवसांत 20 मिनिटं! हे प्रमाण मला ओळखीचं वाटलं. पस्तीस वर्षं नोकरी केल्यावर निवृत्तीच्या दिवशी नारळ, शाल आणि भाषणं धरून साधारण तेवढाच वेळ मिळतो.

पण मला खरी गंमत वाटली ती खर्चाच्या पानाची. कुणीही माणूस असं पान लिहील तर आधी स्वतःचे बूट लिहील. ह्या पोरानं पहिल्या ओळीत लिहिलं होतं: वाटाड्या, स्वयंपाकी, दोन मदतनीस आणि खेचरवाला ह्यांचा विमा. म्हटलं, "बाबू, हे खाली घे. आधी तुझं लिही. वाचणाऱ्याला वाटेल, चढणारा तू की ते?"

तो जरा थांबला. मग म्हणाला, "साहेब, माझे बाबा ताडोब्यात गाइड आहेत. रोज पाहुण्यांना वाघ दाखवते. एवढे फोटो निघते, पण एकाही फोटोत बाबा नाही."

पुढं काय झालं ते सांगण्यासारखं नाही. साहेबांनी 'तारण काय?' म्हणून विचारलं, आणि शिखर काही तारण ठेवता येत नाही. ठेवलं असतं तरी जप्ती आणायला शाखेतून कोण जाणार होतं? पोरगा वही उचलून निघून गेला. एका व्यापाऱ्यानं त्याला पैसे द्यायचं कबूल केलं असं मागाहून कानावर आलं. अट एवढीच, की वर गेल्यावर दुकानाच्या नावाचा झेंडा फडकवायचा. म्हणजे नाव नसलेल्या शिखराला नाव मिळणार, तेही साड्यांच्या दुकानाचं.

मधल्या सुटीत डबे उघडल्यावर मी हा विषय काढला. आमचे हेडकॅशियर रोखठोक गृहस्थ. ते म्हणाले, "अहो, हल्ली एव्हरेस्टला पैसे भरले की नेतात. शेर्पा पुढं जाऊन दोर बांधतात, तंबू ठोकतात, चहा करतात, ऑक्सिजनची नळकांडी वाहतात. ह्यानं फक्त दोराला चिमटा लावायचा आणि पाय उचलायचा. ह्याला चढणं म्हणायचं की चढवून घेणं?"

त्यांची माहिती चुकीची नव्हती. नेपाळच्या बाजूनं नुसता परवाना घ्यायचा तर 2025 सालच्या सप्टेंबरपासून परदेशी माणसाला 15,000 डॉलर मोजावे लागतात. बाकीचा खर्च वेगळा. खुंबूच्या हिमप्रपातात बर्फाच्या भेगांवर शिड्या टाकणाऱ्या शेर्पांची एक खास तुकडी असते. त्यांना तिथं 'आइसफॉल डॉक्टर' म्हणतात. दरवर्षी मोसमाच्या सुरुवातीला ते वाट तयार करतात, आणि मग त्या वाटेवरून जगभरातले यजमान जातात. कामी रिता शेर्पा 2025 सालच्या मे महिन्यात एकतिसाव्यांदा एव्हरेस्टवर जाऊन आले. एकतीस वेळा! आमच्या शाखेतला शिपाईसुद्धा एका मोसमात माडीवरच्या रेकॉर्डरूममध्ये एकतीस वेळा जायला कुरकुरतो. पण कामी रितांच्या बरोबर गेलेला पाहुणा घरी परतल्यावर 'मी एव्हरेस्ट चढलो' असंच सांगतो. त्यात खोटंही काही नाही. तो चढलेला असतोच.

मग खरं काय? मदत घेतली की चढाई बाद, असा नियम करावा म्हटलं तर रेघ ओढायची कुठं? ऑक्सिजन घेतला तर बाद? ठीक आहे. मेसनर आणि हाबेलर 1978 साली कृत्रिम प्राणवायूशिवाय एव्हरेस्टवर गेले, आणि 1980 साली मेसनर तर एकटाच गेला. पण त्याचे बूट कुणी शिवले? दोर कुणी वळला? आणि माणूस लहानपणी पहिल्यांदा उभा राहतो तो कुणाचं तरी बोट धरूनच. तेव्हा त्या हिशेबानं आपण सगळेच बाद. हेडकॅशियर म्हणाले, "असं कसं? मी माझ्या हिमतीवर इथवर आलो." त्यांच्या डब्यातली वांग्याची भाजी त्यांच्या हिमतीवर झालेली नव्हती, हे मी बोलून दाखवलं नाही. भाजी उत्तम होती आणि मला ती आणखी हवी होती.

माझं म्हणणं असं, की प्रत्येक शिखर हे जॉइंट अकाउंट आहे. बँकेत जॉइंट खात्याचा एक प्रकार असतो, 'आयदर ऑर सर्व्हायव्हर': दोघांपैकी कुणीही, अथवा मागं उरेल तो. इतकी वर्षं मी हे शब्द फॉर्मवर शिक्क्यानं उमटवत आलो. त्यांचा अर्थ मला कळला तो एका दोरात बांधलेल्या माणसांची पुस्तकं वाचताना. आपल्याकडं उरेल त्याला पैसे मिळतात. तिथं उरेल त्याच्याकडं दुसऱ्याच्या घरी जाऊन सांगायचं काम येतं.

नावाचा हा घोळ एव्हरेस्टच्या बारशापासूनच आहे. सर्वेक्षण खात्याच्या दप्तरात ते होतं 'शिखर क्रमांक 15'. 1852 च्या सुमारास ते जगातलं सर्वांत उंच असल्याचं हिशेबातून बाहेर पडलं, आणि त्या हिशेबात मोठा वाटा होता राधानाथ सिकदार ह्या बंगाली गणितज्ञाचा. हे गृहस्थ डोंगर चढले नाहीत. टेबलाशी बसून आकडेमोड करत त्यांनी जगाचा माथा शोधला. आम्हा कारकून जमातीचा ह्याहून मोठा विजय इतिहासात नसेल. सांगतात, की उंची आली बरोबर 29,000 फूट. पण इतका गोल आकडा लोकांना अंदाजपंचे वाटेल म्हणून दोन फूट वाढवून 29,002 जाहीर केली. ज्यानं कधी प्रवासभत्त्याचं बिल केलं आहे त्याला ह्या दोन फुटांचं मर्म सांगायला नको. (2020 साली नेपाळ आणि चीन ह्यांनी मिळून जाहीर केलेली उंची 8,848.86 मीटर. शेवटचे 86 सेंटिमीटर पाहून मला सिकदारांच्या त्या दोन फुटांची आठवण झाली.)

मग नाव कुणाचं द्यायचं? खालच्या लोकांनी दिलेलं चोमोलुंग्मा हे नाव होतंच. पण सर्वेक्षणाचे मुख्य अँड्र्यू वॉ ह्यांनी सुचवलं आपल्या आधीच्या साहेबांचं नाव, जॉर्ज एव्हरेस्ट. एव्हरेस्ट साहेब 1843 सालीच निवृत्त झालेले. त्यांनी स्वतः ह्या नावाला हरकत घेतली, की इथल्या लोकांना ते लिहिता-उच्चारता यायचं नाही. तरीही 1865 साली ते कायम झालं. ह्यात मला वॉ साहेबांचं कौतुक वाटतं. जगातलं सर्वांत उंच शिखर हाताशी असताना त्यांनी ते स्वतःच्या नावे न करता साहेबांच्या नावे केलं. नोकरी करावी तर अशी. सिकदारांचं नाव मात्र कुठल्याच टेकडीच्या वाट्याला यावं असं त्या वेळी कुणाच्या मनात आलं नाही. हिशेब जुळला की जुळवणाऱ्याला विसरायचं, ही रीत आमच्या खात्यात अजून चालू आहे.

पुढं 29 मे 1953 ला तेनसिंग आणि हिलरी वर पोचले. सामान वाहायला साडेतीनशेहून अधिक हमाल निघाले होते, माथ्यावर दोघे. खाली उतरल्यावर जगानं त्यांना एकच प्रश्न विचारून भंडावलं: पहिलं पाऊल कुणाचं? नेपाळला वाटे तेनसिंगचं असावं, बाकीच्यांना वाटे हिलरीचं. दोघांनी मिळून सांगितलं, की आम्ही जवळजवळ एकदमच पोचलो. दोन वर्षांनी तेनसिंगनं आपल्या आत्मचरित्रात सांगून टाकलं, की हिलरी दोन पावलं पुढं होता. आणि शिखरावरचा तो जगप्रसिद्ध फोटो मात्र तेनसिंगचा आहे. हिलरीचा तिथला फोटोच नाही, कारण कॅमेरा त्याच्या हातात होता. एकानं पहिलेपण दिलं, दुसऱ्यानं फोटो दिला. एका दोरातल्या दोघांची देवाणघेवाण कशी असावी ह्याचा ह्याहून स्वच्छ ताळेबंद माझ्या पाहण्यात नाही.

पण सगळेच ताळेबंद इतके स्वच्छ नसतात. 18 एप्रिल 2014 ला खुंबूच्या हिमप्रपातात बर्फाचा कडा कोसळला आणि 16 माणसं गेली. सगळी नेपाळी, कामावरची. दुसऱ्यांचे दोर, दुसऱ्यांचे तंबू, दुसऱ्यांचं अन्न घेऊन पहाटेच्या काळोखात वर निघालेली. नेपाळ सरकारनं त्यांच्या घरच्यांना तातडीची मदत म्हणून सुरुवातीला जाहीर केले 40 हजार नेपाळी रुपये. हा आकडा मी बँकेच्या सवयीनं दोनदा वाचला. एखादं शून्य सुटलं असेल असं वाटलं. सुटलं नव्हतं. शेर्पांनी त्या मोसमात वर जायला नकार दिला, आणि बहुतेक मोहिमा परत फिरल्या. नंतर विम्याची रक्कम वाढवावी लागली. इथं विनोद सुचत नाही. त्या पोराच्या वहीतली पहिली ओळ मला तेव्हा पुन्हा आठवली. तो शेर्पांविषयी शिकलेला होता की बापाविषयी, कोण जाणे. पण त्यानं विमा पहिल्या ओळीत लिहिला होता.

आता आमच्याच जिल्ह्याचं घ्या. ताडोबा हे महाराष्ट्राचं सर्वांत जुनं राष्ट्रीय उद्यान, 1955 सालचं. जिप्सीत सहा पाहुणे, एक ड्रायव्हर, एक गाइड. गाइड आसपासच्या गावचा. माकडाचा खाकरा, चितळाचं ओरडणं, धुळीतला पंजा, ह्यांवरून तो वाघ कुठं आहे ते ताडतो, गाडी वळवायला लावतो, बोट दाखवतो. पाहुणा म्हणतो, "मी वाघ पाहिला." शहाण्या माणसाला विचारावंसं वाटतं, की बाबा, तू पाहिलास की तुला दाखवला? पण पाहण्याचा आनंद पाहुण्याचा खराच असतो, तो काही गाइडनं उसना दिलेला नसतो. मदतीनं मिळालेली गोष्ट खोटी होत नाही. ती फक्त आपल्या एकट्याची राहत नाही.

ह्याच जिल्ह्यातून 2018 साली हिशेब उलटा फिरला. आदिवासी विकास विभाग आणि जिल्हा प्रशासन ह्यांच्या 'मिशन शौर्य' मोहिमेत आश्रमशाळांतली मुलं एव्हरेस्टला निघाली. मोहफुलं वेचणाऱ्या, तेंदूपत्त्याचे 70-70 पानांचे पुडे बांधणाऱ्या मुलखातली मुलं. ऑगस्ट 2017 पासून वर्धा, हैदराबाद, दार्जिलिंग, लेह-लडाख असं शिक्षण झालं, आणि 2018 च्या मे महिन्यात मनीषा धुर्वे, प्रमेश आळे, उमाकांत मडावी, कविदास काठमोडे आणि विकास सोयाम हे पाच जण माथ्यावर पोचले. खाली चंद्रपुरात आम्ही कूलरला पाणी घालत होतो. आमच्या उण्यापुऱ्या 200 मीटरांतून कुणी तिथवर जाईल असं ज्यानं आधी सांगितलं असतं, त्याला आम्ही लिंबूपाणी पाजलं असतं.

पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्यांचे वाटाडे असलेल्यांची मुलं ह्या वेळी यजमान होती, आणि त्यांची ओझी वाहायला दुसऱ्या डोंगरातले वाटाडे होते. आमच्या हेडकॅशियरचा प्रश्न इथंही विचारता येईल: चढली की चढवली? पण ह्या वेळी त्यांनी तो विचारला नाही. ते पेढे वाटत होते.

मला मात्र वेगळे प्रश्न पडले. ही मोठ्या माणसांनी आखलेली मोहीम. जीव मुलांचा, योजना दुसऱ्यांची. असं कुणी कुणाला पाठवावं का? मुलगा बुडाला तर आईबापाचा आणि तरला तर योजनेचा, असा हिशेब असेल तर पाठवू नये. आपल्याकडं अभिनंदनाच्या फलकावर कुणाचे चेहरे केवढे असतात ते मी सांगायला नको. पण आपली मुलं तेवढी घरी सुरक्षित ठेवून, जंगलातल्या मुलांना 'तुम्ही कुठं जाता, धोका आहे' म्हणणं हीसुद्धा एक लबाडीच. रोज वाघाच्या वाटेनं शाळेत जाणाऱ्या मुलाला धोक्याची व्याख्या कूलरसमोर बसलेल्यानं सांगू नये. तेव्हा मी माझ्यापुरता एक नियम केला: धोका ज्याचा, नाव आधी त्याचं, आणि नको म्हणायचा हक्कही त्याचाच.

ह्या नको म्हणण्यावरून आणखी एक गोष्ट. निघालेल्या दहांपैकी पाच जण माथ्यावर गेले. उरलेल्या पाचांविषयी आपण बोलत नाही. डोंगरावरचा सर्वांत अवघड शब्द 'परत' हा असतो, असं सगळेच जाणकार सांगतात. दोन वर्षांचे कष्ट, लाखोंचा खर्च, माथा समोर दिसतोय, आणि वाटाड्या म्हणतो, "आता खाली." तो खरा त्याच्या मेहनतान्याचा क्षण. वर नेणारे पुष्कळ मिळतात, वेळेवर परत आणणारा एखादाच. आणि त्याचं ऐकणारा त्याहून विरळा. अशा माणसांच्या गळ्यात हार पडत नाही, कारण हार घालायला काही घडलेलंच नसतं. घडलं नाही हेच तर त्यांचं कर्तृत्व! आमच्याकडंही बुडणारं कर्ज वेळीच नाकारणाऱ्या अधिकाऱ्याचा सत्कार झालेला मी पाहिला नाही. (पहाडाचं कर्ज नाकारणाऱ्याला मात्र मी ह्यात धरत नाही.)

गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा-लेखा गावाला 2009 साली आसपासच्या सुमारे 1,800 हेक्टर जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला. कागदावर नाव कुणा एका पाटलाचं नाही, ग्रामसभेचं, म्हणजे सगळ्यांचं. तिथं निर्णयही सगळ्यांच्या संमतीनं होतात असं म्हणतात. मला वाटतं, एव्हरेस्टच्या नावाचा वाद 1865 साली लंडनला न नेता ह्या गावात आणला असता, तर वेळ लागला असता, चहा पुष्कळ झाला असता, पण सिकदार सुटले नसते.

आणि आता माझ्या प्रश्नाचं उत्तर. ते मला तत्त्वज्ञानाच्या पुस्तकात मिळालं नाही, जमाखर्चाच्या पहिल्या धड्यात मिळालं. कॉमर्सच्या पहिल्या वर्षाला आम्हांला घोकून घेतलेला नियम: देणाऱ्याचं जमा करा, घेणाऱ्याच्या नावे लिहा. वहीत जे तुमच्या नावे पडतं, ते तुमचं देणं असतं. साऱ्या जगाला आपल्या नावे काहीतरी असावं असं वाटतं. घर नावे, जमीन नावे, शिखर नावे. फक्त आम्हां हिशेबनिसांना ठाऊक असतं, की नावे पडणं म्हणजे देणेकरी होणं. ज्यांनी दिलं ते सारे पलीकडच्या, जमेच्या बाजूला असतात: शिडी टाकणारा, बूट शिवणारा, दोर वळणारा, आकडेमोड करणारा, 'आता खाली' म्हणणारा, आणि कूलरमध्ये बादली ओतणारी.

तेव्हा कुणी छाती पुढं काढून 'हे शिखर माझ्या नावे आहे' असं म्हणाला, की मी मुळीच वाद घालत नाही. जमाखर्चाच्या भाषेत तो गृहस्थ अक्षरशः खरं बोलत असतो. फेड कधी सुरू करणार, एवढंच त्याला विचारायचं असतं.